शिंकेचा मुहूर्त

एका गावात एक पत्रावळीवाला राहायचा. हात मोठा कसबी, पण माणूस भलताच शकुनवेडा. बाहेर निघताना शिंक आली की संपलंच. खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. एकदा लग्नाची अख्खी पंगत पत्रावळींची वाट बघत ताटकळली, तरी हा आपला घरात बसलेला! बायकोने केव्हाच कपाळाला हात लावला होता.

एके दिवशी भर दुपारी चुलीतली ठिणगी उडाली, ती थेट पळसाच्या वाळल्या पानांवर. बघता बघता ढीग पेटला आणि घर धुराने भरलं.

"अहो, उठा! घर पेटलं!" बायको ओरडली.

पत्रावळीवाला दाराकडे धावला. तेवढ्यात धूर नाकात गेला आणि "आंक्छी!"

तो जागीच थबकला. "अगं, शिंक आली! आता कसं निघायचं?"

बायकोच्या ओठांवर शिवी आली होती. पण वाद घालत बसलो तर दोघंही इथेच जळू, हे तिला दिसत होतं. वर सगळा काळा धूर कोंडला होता. जमिनीलगत मात्र दार अजून दिसत होतं.

"मग बसा की नेहमीसारखे!" ती म्हणाली.

तो बसला. तिने हाताशी असलेल्या कळशीत त्याचं उपरणं बुचकळलं आणि त्याच्या नाकातोंडावर धरलं. आपला पदरही भिजवून तोंडाला लावला.

"पाणीही झालं. आता उभं राहायचं नाही. बसल्या बसल्या रांगत चला!"

दोघं रांगत रांगत अंगणात आली. शेजारी घागरी घेऊन धावत आले होते. "वाचली गं बाई, दोघंही वाचली!" म्हणत म्हातारी शेजारीण तर रडायलाच लागली.

इतक्यात पत्रावळीवाला ताडकन वळला. "माझं पंचांग आत राहिलं! हा गेलो आणि हा आलो."

बायकोने पळभर विचार केला आणि जोरात शिंकली, "आंक्छी!"

नवरा मुकाट्याने खाली बसला. पाणी कुठे मिळतं म्हणून बघतोय, तोच धाडकन आवाज झाला आणि घराचं आढं कोसळलं.

त्याने एकदा ढिगाऱ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग त्याने हळूच विचारलं, "अगं, ती शिंक खरी होती की खोटी?"

"तुम्ही समोर बसलाय ना? मग खरीच!"

सगळं अंगण हसलं आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला. कुंपणावर वाळत घातलेल्या पत्रावळी तेवढ्या शाबूत होत्या. संध्याकाळी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली आणि त्याच पत्रावळींवर पंगत बसली. घर काय, चार दिवसांनी पुन्हा उभं राहणारच होतं.

तात्पर्य काय, तर आगीतून बाहेर पडायला मुहूर्त लागत नाही, आणि परत आत शिरायला एकही मुहूर्त चांगला नसतो.