पाठीवरचा पूल

आत्मचरित्र लिहिताना माणसाचा हात जरा सढळच होतो. माजी मंत्री आबासाहेब चिंचणकरांनी तर महापुरात उडी घेऊन वडजाईच्या तान्हूबाईला छपरावरून वाचवलं, तेही पाठीवर घेऊन! खरं तर तिला वाचवलं होतं गावच्या म्हाताऱ्या नावाड्यानं. पण छापील पुस्तक वाचून पोरं त्या बिचाऱ्यालाच थापाड्या म्हणू लागली.

आबासाहेबांच्या सत्काराला तान्हूबाई थेट व्यासपीठावर चढली. "सायेब, मला पाठीवर घेऊन पोहताना तुमी शब्द दिला हुता, गावाला पूल बांधून देईन म्हणून. कवा बांधताय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांनी घाईघाईनं माइक पुढे ओढला.

"अहो बाई, त्या पुरात मी तुमच्या गावी आलोच नव्हतो!"

"मग पुस्तक पुन्यांदा छापाल तवा," तान्हूबाई म्हणाली, "येवढं एक खरं वाक्य घाला की!"