तगरीच्या सहा कुंड्या

दादा गेल्यापासून वहिनी रोज संध्याकाळी तळमजल्यावरच्या आमच्या गॅलरीत बसून रडायची. सोसायटीचे चेअरमन गाडेकर समोरच्या बाकावरून टक लावून बघायचे आणि मग ती कशी रडते ते बिल्डिंगभर सांगायचे.

मी नर्सरीत गेलो. माळी म्हणाला, "मोगरा न्या." पण मोगरा कमरेच्या वर जात नाही. मला बुडापासून दाट, माणसाच्या उंचीचं झाड हवं होतं. तगरीच्या सहा मोठ्या कुंड्या आणून कठड्याला खेटून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गाडेकर दारात.

"विलास, कुंड्या आजच्या आज हलव. लोकांची तक्रार आहे."

"कसली?"

"अरे, पलीकडचं काही दिसत नाही."

माझे हात शिवशिवले. पण आत वहिनी होती. मी वॉचमनकडून तक्रारवही आणली.

"हलवतो, काका. तगरीमुळे तुम्हाला काय दिसेनासं झालंय, तेवढं तुमच्या हातानं लिहा आणि सही करा. रविवारच्या मीटिंगमध्ये काकूंसमोर वाचून दाखवतो."

गाडेकरांनी पेन उघडलं, जरा वेळ धरलं आणि परत खिशाला लावलं.

"राहू देत," ते म्हणाले. "पाणी तेवढं बाहेर सांडू नकोस."

त्या संध्याकाळी वहिनी तगरीआड पोटभर रडली. शेजारी बसून मीही रडलो.