काठाची मुरड

त्या प्रदेशात घडवणारे एकीकडे राहत आणि पाहणारे दुसरीकडे.

पाहणाऱ्यांचं गाव म्हणजे उंच झाडाला लटकलेलं एक पोळं. तिथे चाळीस हजार मधमाश्या होत्या आणि चाळीस हजार सहाकोनी खोल्या, सगळ्या एकाच मापाच्या. घडवणाऱ्या राहत दूरच्या एका घळीत. त्यांना कुंभारमाश्या म्हणत. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून आणायची, खडकावर थापायची आणि बोराएवढं गोल मडकं वर चढवत न्यायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मडक्यात अंडं लटकवायचं, बाळाला पुरतील इतक्या अळ्या भरायच्या, तोंड लिंपायचं आणि पुढच्या मडक्याला लागायचं. कुणी पाहावं म्हणून मडकं करण्याची रीत तिथे नव्हती.

एका वर्षी पोळ्याच्या दरबारात ठरलं, की आपल्या लेकरांनी गोलाई कधी पाहिलेली नाही, ती दाखवली पाहिजे. दर हंगामाला घळीतली एक कारागीर पोळ्यात पाहुणी म्हणून राहील. तिला मेणाची खोली मिळेल, मध मिळेल, आणि ती सगळ्यांसमोर घडवील. शिवाय एका जाणत्या कोळिणीकडून पोळ्यापासून घळीपर्यंत धागा ओढून घेतला. त्याच्या दोन्ही टोकांना दवाचा एकेक थेंब होता. इकडच्या थेंबासमोर जे घडे ते तिकडच्या थेंबात दिसे, आणि तिकडचं इकडे. आवाज मात्र पोचत नसे.

पाहुणी निवडायला पोळ्याची एक दूत घळीत आली. एकाच खडकावर दोन जावा राहत होत्या. थोरली म्हाळसा, धाकटी येसू. येसू घळीत आली तेव्हा तिला चिखल कसा मळावा हेही ठाऊक नव्हतं. म्हाळसेनंच तिला सगळं शिकवलं होतं. मडक्याच्या तोंडाशी काठ बाहेर वळवायची म्हाळसेची एक मुरड होती, उमलत्या पाकळीसारखी. ती तिनं दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, येसूला दिली होती.

दूत आली तेव्हा म्हाळसेच्या तोंडात ओली माती होती. तिनं मागे न पाहताच सांगितलं, "आत्ता न्हाई. चिखल वाळंल."

येसू मोकळी होती. तिनं दूताला सावलीत बसवलं आणि आपलं मडकं दाखवलं. दूत मडक्याभोवती तीनदा फिरली आणि म्हणाली, "आमच्याकडे याल का?"

येसू थोरलीकडे वळली. "अक्का, तुमी जावा. हात तुमचा हाय."

"मला कुठला येळ?" म्हाळसा म्हणाली. "तूच जा."

येसूनं आणखी एकदा म्हणावं, एवढीच म्हाळसेची इच्छा होती. येसूला तो होकार खरा वाटला. ती दूताबरोबर उडून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सगळी घळ थेंबाभोवती जमू लागली. "बघा गं, आपली येसू!" म्हाळसा येत नसे. मग एकदा आली आणि कडेला बसली. थेंबात येसू काठ वळवत होती. मुरड पुरी झाली तशी शेकडो मधमाश्यांनी एकदम पंख फडफडवले. येसू हसून काहीतरी सांगू लागली. काय सांगते ते कुणालाच कळलं नाही. म्हाळसेला कळलं. 'मुरड माझी', असंच येसू सांगत असणार. त्या दिवशी तिला फुलातला रस गोड लागला नाही.

मग तिनं आपली जागा बदलली. खडकाची सावलीतली बाजू सोडली आणि थेंबासमोर उन्हात मडकं मांडलं. पहिल्या दिवशी तिकडून एकच मधमाशी बघत होती. तिसऱ्या दिवशी वीस झाल्या. म्हाळसेच्या लवकरच ध्यानात आलं, की काठ वळवताना त्या पुढे सरकतात. पण अंडं घालायला आपण पाठ फिरवली, अळ्या कोंबायला लागलो, की एकेक करून उठून जातात. तिनं अंडं दुसऱ्या दिवसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी नवं मडकं होतं. याला दुहेरी मुरड, त्याच्या पुढच्याला तिहेरी. लिंपलं की मुरड झाकली जाते, म्हणून तोंडं उघडीच राहू लागली.

एके दुपारी तिनं मान वर केली, तर थेंब नुसता डोळ्यांनी भरला होता. सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पाठीमागे, दूर, येसू अर्धवट मडक्यापाशी एकटी बसली होती, आणि पोळ्यातली एकही मान तिच्याकडे वळलेली नव्हती. म्हाळसेनं ते नीट पाहून घेतलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

हंगाम संपायच्या आधीच येसू परत आली. पंख मेणानं चिकटलेले, अंगानं जड. म्हाळसेनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "का गं, मधाला कंटाळलीस?"

"न्हाई अक्का. तिथं समदं बेस होतं." येसू पाणी पिऊन म्हणाली. "मी रोज त्यांना सांगायची, ही मुरड माज्या थोरल्या जावंची हाय म्हणून. त्यांना खरं वाटंना. मग तुमी थेंबात दिसलासा. म्हटलं, हीच ती!"

म्हाळसा तिच्या पंखावरचं मेण खरवडू लागली. "आणि समद्या माज्याकडं बघाय लागल्या, तवा?"

"वाईट वाटलं की. दोन दिस जेवले न्हाई." येसू उठली. "पर त्यापायी न्हाई आले. अंडं घालायचं ऱ्हायलंय. मेणावर मडकं दोन दिस बी टिकत न्हाई, अन् तिथं अळ्या कुठनं आणू?"

तिनं घाईनं खडकाच्या मागच्या फटीत जागा धरली. मडकं तिरकं झालं, एका अंगाला फुगलं. मुरड घालायला उसंतच नव्हती. अंडं, अळ्या, लिंपण. काम संपवून ती पुढे आली आणि थेंबासमोरची रांग पाहत राहिली. चाळीसेक मडकी, एकाहून एक देखणी.

"अक्का, यांतली भरलेली कंची?"

"घालीन की," म्हाळसा म्हणाली. "अजून ऊन हाय."

येसू गेल्यावर ती सगळ्यांत देखण्या मडक्यावर जाऊन बसली. बराच वेळ बसली. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. अंगात आता अंडं उरलेलं नव्हतं.

येसू त्याच आठवड्यात गेली. कुंभारमाश्यांचं आयुष्य तेवढंच असतं. पोळ्यातून दूत आली. पुढच्या हंगामाची पाहुणी म्हणून म्हाळसेचं नाव ठरलं होतं. म्हाळसेनं होकाराची मान डोलावली, पण तिच्या पंखांच्या कडा झिजल्या होत्या आणि ती हल्ली उडत कमी, चालतच जास्त असे.

एका सकाळी ऊन घळीत उतरलं तेव्हा थेंबात मधमाश्यांची दाटी होती. त्या रिकाम्या मडक्यांची रांग पाहत होत्या आणि पंख फडफडवत होत्या. म्हाळसा तिथे नव्हती. ती खडकाच्या मागच्या फटीत, येसूच्या वाकड्या मडक्याला डोकं टेकवून बसली होती. आतून कुणीतरी चिखल कुरतडत होतं.