हौसाई सुईण एकेका दारात उभी राहिली

फार वर्षांपूर्वी, धामणखोऱ्यात बैलगाडीसुद्धा पोचत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. खोऱ्यात हौसाई नावाची सुईण होती. तिचा हात असा होता म्हणतात, की आडवं आलेलं मूल तिच्या नुसत्या हाकेनं पोटात सरळ व्हायचं. एकही बाळंतीण तिच्या हातून गेली नाही. मुलं मात्र जायची. सातव्या-आठव्या दिवशी तान्ह्याचं तोंड मिटायचं, दूध ओढता यायचं नाही, अंग धनुष्यासारखं वाकायचं आणि खेळ संपायचा. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. रडायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाळणा बांधायचे.

गावात नाळ कापायला सटवाईचा एक विळा होता. तो गोठ्यात शेणाच्या गोळ्यात खोचलेला असायचा, कारण शेण पवित्र. तो कधी धुवायचा नाही, धुतला तर देवी रुसते. आता हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा त्याच विळ्याला हळदकुंकू वाहत होते हो!

एकदा हौसाई पठारावरून येत होती. वाटेत एक धनगरीण अडलेली दिसली. जवळ विळा नव्हता. धनगरणीच्या सासूनं ओल्या कळकाची, म्हणजे बांबूची, धारदार कामटी काढली, जाळावर धरली आणि हौसाईच्या हातात दिली. हौसाईनं भीत भीत नाळ कापली. आठवा दिवस गेला, महिना गेला, पोर ठणठणीत राहिलं.

"तुमची लेकरं अशी आखडून जात्यात का वं?" हौसाईनं म्हातारीला विचारलं.

"जात्यात की तापानं, खोकल्यानं. अशी आखडून न्हाई बाई. कधी ऐकलं न्हाई."

हौसाईची झोप उडाली. तिची लेक ठकू गावातच दिलेली होती. ठकूची दोन मुलं आठव्या दिवशी गेली होती आणि तिसऱ्या खेपेला तिला आठवा महिना लागला होता. हौसाई गावात आणि धनगरांच्या वाड्या-वाड्यांवर हिंडू लागली. कशानं कापलं, आठव्या दिवशी काय झालं, एवढंच विचारायची. विळ्यानं नाळ कापलेलं मूल आखडून गेलं की एका ढिगात खडा, कामटीनं कापलेलं तसं गेलं की दुसऱ्या ढिगात. महिना संपला तेव्हा पहिल्या ढिगात एकेचाळीस खडे होते. दुसरा ढीग झालाच नव्हता. असं म्हणतात, ते बघून तिचे केस उभ्या उभ्या पांढरे झाले. मला ते खरं वाटतं.

ठकूच्या कळा सुरू झाल्या तेव्हा भरदुपार होती. सासू विळा घेऊन आली. हौसाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"त्यो आत आनू नगा."

"देवीचा विळा अडवतीस? येड लागलं का काय तुला?"

हौसाईला काहीतरी थाप मारता आली असती. लेकीचं मूल वाचलं असतं, नाव राहिलं असतं, आणि बाकीच्यांच्या घरी विळा चालूच राहिला असता. पण ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ह्या इळ्यानं लेकरं मरत्यात. सटवाई न्हेत न्हाई. म्या मारली."

आतून ठकूचा आवाज आला.

"आये, मग माझी दोन?"

"ती बी म्याच, बाय."

कळ आली, गेली. मग ठकू म्हणाली, "मग ह्या येळी तरी नीट काप."

हौसाईनं कामटी जाळावर धरली. मुलगी झाली. आठव्या दिवशी ती पोटभर दूध प्यायली.

त्या दिवसापासून हौसाई एकेका दारात जाऊन उभी राहिली. एकेचाळीस लेकरांच्या घरी जाऊन तिनं सांगितलं, तुमचं लेकरू माझ्या हातानं गेलं. कुणी दगड मारला, कुणी गळ्यात पडलं. पाच लेकरं गेलेल्या भिकाईनं दार लावलं, ते हौसाई मरेपर्यंत उघडलं नाही. असं म्हणतात, ज्या दारात ती उभी राहिली तिथल्या म्हाताऱ्या आयांनाही पान्हा फुटला.

आज विळाही नाही, सुईणही नाही. पण दर चैत्रात एका सकाळी पाराशी बायका जमतात. खोऱ्यात जो कुणी बाळंतपण करतो त्यानं उभं राहून सांगायचं: माझ्या हातून कोण गेलं, मी काय केलं होतं, आणि आता काय कळलंय. मध्ये कुणी बोलायचं नाही. याला हौसाईचं सांगणं म्हणतात.

गेल्या चैत्रात दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण उभी राहिली. म्हणाली, "कमलच्या वेळी मूल लवकर यावं म्हणून मी तिचं पोट वरून जोरात दाबलं. आम्ही तसंच बघत आलो होतो. तसं करायचं नसतं, हे नंतर वाचलं. मूल गेलं."

कमल समोरच बसली होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. ती उठली.

"बाई," कमल म्हणाली, "त्याचं तोंड कसं हुतं वं? मला कुणी दावलंच न्हाई."

डॉक्टरीण तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि सांगू लागली.