मासोळीच्या पिल्लाची गादी

एका समुद्राकाठी काळा कातळ दूरवर पसरला होता. ओहोटी लागली की त्याच्या खळग्यांत पाणी साचून राही आणि अशाच एका खळग्यात एक पिवळी मासोळी आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. पिल्लावर तिचा भारी जीव. त्याच्यासाठी तिने कोपऱ्यात मऊ शेवाळाची गादी केली होती आणि त्या गादीवर अंग टाकल्याशिवाय स्वारीला झोप म्हणून येत नसे. लाडावलेलं होतं, दुसरं काय!

एके दिवशी काय झालं, पिल्लू सारखं अंग घासू लागलं. दगड दिसला की घास, शिंपला दिसला की घास. त्याच्या पंखांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके होते. "पुन्हा वाळूत लोळलास ना रे?" असं म्हणत मासोळीने शेपटीने पाणी मारून पाहिलं, पण ठिपके काही जाईनात. दुसऱ्या दिवशी पिल्लाने खाणं सोडलं. त्याचे कल्ले भराभर हलू लागले. शेजारच्या कपारीतून खेकडा म्हणाला, "दृष्ट लागलीय गं त्याला! एवढं देखणं पोर, लागायचीच." मासोळीने पिल्लाला पुढे घातलं आणि थेट कोळंबीचं घर गाठलं.

ही तांबड्या पट्ट्यांची कोळंबी म्हणजे त्या कातळावरची वैद्यच. लांब मिशा फिरवून ती भल्याभल्या माशांना तपासत असे आणि त्यांच्या अंगावरचे किडे टिपून काढत असे. "आ कर बाळा," असं म्हणून तिने पिल्लाचं तोंड पाहिलं, कल्ले पाहिले, पंख उलटेसुलटे करून पाहिले. मग ती म्हणाली, "दृष्ट नाही नि बिष्ट नाही. हे बारीक किडे आहेत. कातडीच्या आत बसलेत, त्यामुळे मला वरून टिपताही येत नाहीत. पोट भरलं की तीन-चार दिवसांत आपणहून गळून पडतील. पण तेवढ्यावर हुरळून जाऊ नकोस हं! खाली वाळूला, दगडाला, शेवाळाला चिकटून एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा अंगावर चढतात. म्हणून दर तिसऱ्या दिवशी, भरतीचं पाणी चढलं की पिल्लाला घेऊन नव्या खळग्यात जायचं. असे चार खळगे बदलायचे. आणि जुन्या जागेतलं काही म्हणजे काही बरोबर न्यायचं नाही."

मासोळी निघाली खरी, पण पिल्लाने आकांत मांडला. "माझी गादी! गादीशिवाय मी येणार नाही!" आजारी लेकरू, त्यातून रडून रडून दमलेलं. मासोळीला राहवलं नाही. गादीतला एक झुबका तिने हळूच तोंडात धरला. 'एवढ्याशाने काय होतंय,' असं ती मनाशी म्हणाली. नव्या खळग्यात पिल्लू त्या झुबक्यावर गाढ झोपलं. तीन दिवसांत ठिपके गळून अंग लख्ख झालं. मासोळीचा जीव भांड्यात पडला. पुढचे खळगेही तिने सांगितल्याप्रमाणे बदलले आणि प्रत्येक वेळी झुबकाही गुपचूप नेला.

चौथ्या खळग्यात मात्र पिल्लू सकाळी उठलंच नाही. एका कुशीवर पडून राहिलं होतं. ठिपके आता पंखांवर होते, पोटावर होते, डोळ्यांवरसुद्धा होते. मासोळीने कोळंबीला बोलावून आणलं. तिने तपासता तपासता पिल्लाच्या अंगाखाली मिशी घातली आणि विचारलं, "हे शेवाळ कुठलं?"

मासोळीने मान खाली घातली. "त्याला झोप येत नव्हती हो..."

कोळंबी रागावली नाही. रागवायची गरजच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर. पण आता याच्यात फारसा दम उरलेला नाही. या वेळी चुकलीस तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

"गादी काढून घेतली तर तो माझ्यावर रुसेल."

"रुसू दे गं. रुसायला पोर तर उरलं पाहिजे!"

भरती आली. मासोळीने पिल्लाला नव्या खळग्याकडे नेलं आणि झुबका मागेच ठेवला. पिल्लाच्या अंगात रडायचंही त्राण नव्हतं. "तू मला मुळीच आवडत नाहीस," असं ते पुटपुटलं आणि त्याने तोंड फिरवलं. नव्या जागेतलं ताजं शेवाळ तिने पुढे केलं, तर ते म्हणालं, "हे माझं नाही." मग उघड्या दगडाला टेकून ते पडून राहिलं. ती जवळ गेली की ते दूर सरके. मासोळीच्या जिवाचं पाणी पाणी होई. मागे वळून एकदा जावं आणि तो झुबका घेऊन यावा, असं तिला शंभरदा वाटलं. पण ती गेली नाही. तिसरा दिवस उजाडला की पिल्लाला पाठीशी घेऊन ती पुढचा खळगा गाठी. पिल्लू तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हतं.

चौथ्या खळग्यात कोळंबीने पिल्लाला नखशिखांत तपासलं आणि ती निघून गेली. एकही ठिपका नव्हता. तरी मासोळीला धीर होईना. ती बाजूला उभी राहून नुसती त्याचे कल्ले हलताना बघत होती. ते आता संथ हलत होते. बऱ्याच वेळाने पिल्लू दगडावरून उठलं, तिच्यापाशी आलं आणि तिला तोंडाने ढुशी देऊन म्हणालं, "आई, भूक लागली."

तात्पर्य : ज्याच्यावर माया असते त्याचा हट्ट मोडायलाही छाती लागते. आजाऱ्याला आवडेल ते देण्यापेक्षा त्याला बरं करील ते द्यावं, मग तो रुसला तरी चालेल.