जैतुनाची लोकरी फांदी

मिर्टोच्या इवल्याशा तळहातांवर घागरीच्या दोरीचे लालबुंद वळ उठले होते. रोज डोंगरापलीकडून पाणी आणायचं, म्हणजे काय गंमत आहे? घरी आई तापाने फणफणलेली, आणि गावच्या संगमरवरी कारंज्याला मात्र भलंमोठं कुलूप!

दूर ग्रीस देशातली ही गोष्ट, बरं का. तिथल्या अर्किनोस राजाने तरुणपणी ते कारंजं मोठ्या हौसेने बांधलं. मग सत्ता डोक्यात गेली. लोक उलटतील या धास्तीने त्याने पाणीच कोंडलं. आहे की नाही कमाल! शेवटी लोक उलटलेच.

त्या दिवशी मिर्टो जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागेत जरा टेकली, तर चंदेरी पानांतून हिरव्या पंखांची चिमुकली परी भुर्रकन खाली आली.

"एकच गोष्ट माग, सोनुले. पण स्वतःसाठी नाही हं!"

"माझ्या आईला–" मिर्टो म्हणते आहे तोच म्हातारा अर्किनोस धापा टाकत आला आणि बागेतल्या देवाच्या शिळेला बिलगला. मागून काठ्या घेऊन गाव धावत होतं.

तिथली रीतच होती: लोकर गुंडाळलेली जैतुनाची फांदी हाती घेऊन जो शिळेला धरील, त्याला कुणी हात लावायचा नाही.

"आजोबा, फांदी कुठाय?"

"खालच्या सगळ्या मीच तोडायला लावल्या गं. कुणाला आसरा मिळू नये म्हणून." राजा हमसून रडू लागला.

मिर्टोला त्याचा अस्सा राग आला! पण त्याचे हात आईच्या हातांसारखेच थरथरत होते.

"परीताई, यांना फांदी दे."

"आणि आई?"

"तिचं पाणी... मी आणीन." मिर्टोचे डोळे भरून आले.

लखकन झाडाला अगदी खाली नवी फांदी फुटली. मिर्टोने ती तोडली, शालीची लोकर उसवून तिला गुंडाळली आणि राजाच्या हाती दिली.

"अगं, यानंच तुमचं पाणी तोडलं!" शेजारची थेआनो काकी ओरडली.

"ठाऊक आहे, काकी. पण फांदी आहे ना त्यांच्या हातात."

लोकांनी काठ्या खाली टाकल्या. राजाने मान खाली घालून झाडाच्या ढोलीतून किल्ली काढली. ती जागा त्याच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हती. त्याने कुलूप उघडलं आणि पाणी खळाळत, चमचमत उसळलं! पहिली घागर मिर्टोच्या आईला त्याने स्वतः नेली.

परीने मिर्टोच्या तळहातांवर फुंकर घातली, वळ मावळले आणि सोनेरी उजेडात ती विरून गेली.

लोक कारंज्यावरचं राजाचं नाव खरवडायला निघाले.

"राहू द्या," मिर्टो म्हणाली. "बांधलं त्यांनीच ना?"

त्या दिवसापासून म्हातारा राजा रोज आजारी माणसांच्या दारी घागरी पोचवायचा. आता दोरीचे वळ त्याच्या हातांवर होते.