यादीत नसलेला शब्द

केतकीला वाटले होते, आपण परदेशातून शिकून गावी परतलो हे कळताच गावातल्या बायका वह्या घेऊन धावत येतील. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तिच्या इंग्रजीच्या वर्गात एकट्या हौसाकाकू आल्या, आणि त्यांच्या हातात वहीऐवजी अर्धे विणलेले सूप होते.

हे गाव बुरुडांचे. मागच्या डोंगरावरचा बांबू तोडायचा आणि त्याची सुपे, टोपल्या विणायच्या, यावर सगळ्यांची चूल पेटे. आता गाव कोवळा बांबू तोडते या संशयाने जंगल खात्याचे नवे साहेब पाच वर्षांसाठी डोंगर बंद करायच्या विचारात होते. तसे झाले असते तर गाव सोडून जाण्यावाचून इलाज नव्हता. साहेब दूरच्या प्रांतातले; त्यांना मराठी येत नव्हते. महिन्याभराने ते गावाचे म्हणणे ऐकायला येणार होते. म्हणून केतकीने वादात जिंकून देणारे भारी इंग्रजी शब्द शिकवायचे ठरवले.

हळूहळू वर्ग भरला. केतकी जीव ओतून शिकवी. ‘इर्रिफ्यूटेबल’ म्हणजे कुणालाही खोडता न येणारे. ‘प्रिपॉस्टरस’ म्हणजे अगदीच हास्यास्पद. ‘नेव्हरदलेस’ म्हणजे ते खरे असले, तरीसुद्धा. विणता विणता बायका शब्द घोकत.

“मराठीतच मला बोलू देत नाही,” हौसाकाकूंचे यजमान एकदा दारातून म्हणाले, “आता इंग्रजीतही गप्प करणार वाटतं!”

“प्रिपॉस्टरस!” काकू म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसत सुटला.

त्याच दिवशी काकूंनी विचारले, “पोरी, आपल्या बैठकीत सूप फिरतं, त्याला तुझ्या इंग्रजीत शब्द नाही का गं?”

गावाची एक रीत होती. बैठकीत वाद झाला की बोलणाऱ्याच्या हाती सूप द्यायचे. त्याने आधी समोरच्याचे म्हणणे सांगायचे आणि त्यातले खरे असेल ते मान्य करायचे. समोरचा “हो, हेच” म्हणाला, की मगच आपले बोलायचे.

“आहे ना. कन्सीड,” केतकी म्हणाली. “म्हणजे समोरच्याचं मान्य करणं. पण काकू, तो हरणाऱ्याचा शब्द. म्हणून यादीत घेतला नाही.”

काकूंनी मात्र तो शब्द पाठ करून टाकला.

साहेब आले. केतकी उभी राहिली. गेल्या लग्नसराईच्या घाईत गावाने उत्तरेच्या उतारावरचा कोवळा बांबू तोडला होता, कारण कोवळा बांबू सहज वाकतो. केतकीला हे माहीत होते. पण वादात आपली चूक सांगायची नसते, असे ती शिकून आली होती.

“आम्ही कोवळा बांबू कधीच तोडलेला नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “आमची बाजू इर्रिफ्यूटेबल आहे, आणि तुमचा संशय प्रिपॉस्टरस!”

साहेबांचे कान लाल झाले. तो उतार ते आदल्या दिवशीच डोळ्यांनी पाहून आले होते. त्यांनी फाइल मिटली आणि ते उठले.

तेवढ्यात हौसाकाकू सूप घेऊन पुढे आल्या.

“सर, आय कन्सीड,” त्या म्हणाल्या. पुढचे इंग्रजी संपले. त्यांनी केतकीकडे पाहिले. “आता मी म्हणते तसंच सांग. एक शब्द वाढवू नकोस. सांग, कोवळा बांबू आम्हीच तोडला. तुमच्या जागी मी असते, तर मलाही डोंगराची काळजी वाटली असती.”

केतकीचा चेहरा उतरला, पण तिने तसेच सांगितले. साहेब खाली बसले. “हो, हेच,” ते आपल्या इंग्रजीत म्हणाले.

“नेव्हरदलेस!” काकूंनी लगेच धागा उचलला. “जून बांबू काढला नाही, तर नव्या कोंबाला जागा मिळत नाही. उत्तरेचा उतार खुशाल बंद ठेवा. बाकीच्या डोंगरावर आम्ही जून बांबूच तोडू. तो वाकवताना बोटं दुखतील, दुखू देत.”

केतकीने तेही इंग्रजीत सांगितले, आणि साहेबांनी विचारल्यावर सुपाची रीतही. मग त्यांनी हात पुढे करून ते सूप मागून घेतले आणि काकूंचे म्हणणे जसेच्या तसे बोलून दाखवले. केतकीने ते मराठीत सांगितले. सगळे गाव एका सुरात म्हणाले, “हो, हेच!” साहेबांना हसू आले. त्या दिवशी फक्त उत्तरेचा उतार बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने फळ्यावरची यादी पुसली नाही. फक्त सगळ्यांच्या वर ‘कन्सीड’ लिहिले. यापुढे पहिला धडा याच शब्दाचा, आणि वर्गातही सूप फिरणार, असे तिने ठरवले. मग तिने ते सूप आधी स्वतःच हाती घेतले.

“काकू, तुम्ही या शब्दाचं विचारलंत, तेव्हाच तो यादीत घ्यायला हवा होता. आणि काल मी खोटं बोलले.”

“हो, हेच,” काकू म्हणाल्या. “आता बोल, पोरी.”

तात्पर्य: समोरच्याचे जे खरे आहे ते आधी मोकळ्या मनाने मान्य करावे; मगच शिकलेले शब्द त्याच्या मनापर्यंत पोहोचतात.